साहेबांच्या घराचा मालक

धम्मरत्न ओव्हाळच्या डोक्यावर आज जे तेहतीस लाखांचं कर्ज आहे, त्याच्या मुळाशी एक बशी उपमा आहे.

झालं असं, की फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी त्याची बायको रश्मी देहूरोडला बहिणीकडे गेली होती. वडील भीमराज पेपर वाचत बसले होते. त्यांना नाश्त्याचं विचारावं, तर ते पेपरातून डोकं न काढता 'कर की' म्हणाले असते. तेवढ्यात धम्मरत्नच्या फोनवर मेसेज आला: 'पगारदारांनो, दुसरं घर घ्या! प्रथमच गुंतवणूक करणाऱ्यांसाठी मोफत मार्गदर्शन. स्थळ निगडी. नाश्त्याची सोय आहे.' धम्मरत्नला गुंतवणुकीत रस नव्हता, नाश्त्यात होता. जाऊ, खाऊ आणि भाषण सुरू व्हायच्या आत सटकू, असा साधा सरळ बेत करून तो निघाला. (चाकणच्या कंपनीत तो ब्रेकचे पाइप तपासतो. दिवसाला चारशे पाइप उलटेपालटे करून बघणारा हा माणूस फुकटचं आमंत्रण मात्र कधी उलटून बघत नाही.)

आयोजक त्याच्यापेक्षा हुशार निघाले. नाश्ता भाषणानंतर होता.

व्यासपीठावर ज्ञानेश सर म्हणून एक गृहस्थ आले. अंगात कोट आणि पायात पळायचे बूट. गरज पडली तर पळता यावं अशी सोय असेल, पण धम्मरत्नला तेव्हा तसा संशय आला नाही.

"तुमच्यापैकी किती जणांचे पैसे बँकेत नुसते पडून आहेत?" सरांनी विचारलं.

दोन हात वर झाले.

"आणि किती जणांच्या वडिलांचे?"

सगळा हॉल वर झाला.

"मग ऐका. घर तुम्ही घ्यायचं, पैसे बँकेनं द्यायचे आणि हप्ता भाडेकरूनं भरायचा. सांगा, यात तुमचं काय गेलं?"

तीनशे माना एकदम डोलल्या. उपाशीपोटी ऐकलेलं ज्ञान फार खोल जातं. पुढं उपम्याची दुसरी बशी हातात येईपर्यंत धम्मरत्ननं एका पत्रकाच्या मागं सरांचे नियम उतरवून घेतले होते. भाडेकरू पर्मनंट नोकरीवाला बघावा. फॅमिलीवाला बघावा. वकील आणि पोलीस टाळावेत. आणि भाडेकरूशी संबंध गोड ठेवावेत, म्हणजे भाडं आपोआप येतं.

संध्याकाळी त्यानं हे सगळं रश्मीला ऐकवलं. रश्मी एका पतसंस्थेत वसुलीचं काम बघते. कर्ज घेताना माणसाचा चेहरा कसा असतो आणि फेडताना कसा होतो, हे तिच्याइतकं निगडीत कुणाला माहीत नसेल.

"आणि भाडेकरू मिळालाच नाही तर?" तिनं विचारलं.

"सर म्हणाले, मनात निगेटिव्ह विचार आणायचे नाहीत."

"बँक पॉझिटिव्ह विचारावर हप्ता जमा करून घेते का? सहा महिन्यांचे हप्ते बाजूला काढून ठेव, मग घे घर. माझ्याकडं रोज बाराजण येतात, 'भाडं आलं की भरतो' म्हणणारे. तू तेरावा होऊ नकोस."

"तेच तर! सगळे घाबरतात म्हणून सगळे गरीब राहतात," धम्मरत्न म्हणाला. (हे वाक्यही पत्रकाच्या मागचंच होतं.)

भीमराजांनी चौतीस वर्षं देहूरोडच्या फॅक्टरीत काढली होती, त्यातली बावीस युनियनमध्ये. साहेब लोकांसमोर खुर्ची ओढून बसणारा माणूस. ते म्हणाले, "माझे पैसे पडून आहेत असं कोण म्हणालं? मी रोज लक्ष ठेवून असतो त्यांच्यावर."

तरी आठवड्याभरानं त्यांनी स्वतःच विषय काढला. पोरानं पस्तीस वर्षांत त्यांच्याकडं सरळ तोंडानं कधी काही मागितलं नव्हतं. सायकलसुद्धा त्यानं आईकरवी मागितली होती. "सहा लाख देतो," ते म्हणाले. "एकच अट. हे सगळं मला समजावून सांगायचं नाही."

उरलेले पैसे बँकेच्या कर्जानं, रश्मीच्या बांगड्यांनी आणि धम्मरत्नच्या पीएफनं दिले आणि मोशीत एका नव्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावरचा ४०३ नंबरचा वन बीएचके ओव्हाळांचा झाला. बिल्डिंगचं नाव लेक पॅराडाइज. तळं कुठं आहे, असं रश्मीनं विचारलं, तेव्हा बिल्डरच्या ऑफिसातल्या बाई म्हणाल्या, "पावसाळ्यात या."

जूनमध्ये किल्ली मिळाली. त्याच महिन्यापासून दर पाच तारखेला अठ्ठावीस हजार नऊशे रुपये धम्मरत्नच्या खात्यातून निघू लागले. निघताना बँक मेसेज पाठवायची. त्या मेसेजची टोन त्यानं वेगळी लावून घेतली, म्हणजे नुसत्या आवाजावरून छातीत धस्स व्हावं.

भाडेकरू येत होते, पण ज्ञानेश सरांच्या नियमात बसत नव्हते. पहिला बॅचलर होता. दुसऱ्याची नोकरी कंत्राटी होती. तिसऱ्यांचं सगळं उत्तम होतं. नवराबायको, एक मुलगी, भाडंही पंधरा हजार कबूल. पण जाता जाता ते म्हणाले, "मी कोर्टात असतो." धम्मरत्ननं चहाचा कप त्यांच्या हातातून जवळजवळ काढूनच घेतला. (नंतर कळलं, ते कोर्टाच्या कँटीनचे कंत्राटदार होते.) जून गेला, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर गेला. पावसाळ्यात तळं खरोखरच झालं, पार्किंगमध्ये. रश्मी पतसंस्थेत थकबाकीदारांकडं जशी नुसती बघते, तशी त्याच्याकडं बघायची.

आणि ऑक्टोबरात कंपनीत हिंदुराव मोरबाळे आले.

मोरबाळे साहेब क्वालिटीचे हेड म्हणून कोल्हापूरच्या प्लँटवरून बदलून आले होते. उंचीनं दारात वाकावं लागणारे, आवाज प्रेस मशीनच्या वरचा. पाइपात अर्ध्या केसाचा फरक दिसला तरी ते अख्खा लॉट परत पाठवायचे. चौथ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांनी ताट घेऊन थेट धम्मरत्नच्या समोर बैठक मारली.

"काय ओव्हाळ, मोशीत तुमचा फ्लॅट मोकळा हाय म्हणं?"

धम्मरत्नच्या डोक्यात ज्ञानेश सरांचं पत्रक फडफडलं. पर्मनंट नोकरी? कंपनीत याहून पर्मनंट कुणी नव्हतं. फॅमिली? साहेबांच्या पत्नी योगिनी वहिनी येणार होत्या. वकील नाहीत, पोलीस नाहीत. आणि एप्रिलमध्ये पगारवाढ याच माणसाच्या हातात! साहेब टाळावेत असं पत्रकात कुठंही नव्हतं.

"आहे की साहेब! तुमचाच आहे."

"भाडं काय घेताय?"

इथं धम्मरत्ननं जे वाक्य उच्चारलं, ते कुठल्याही घरमालकानं कधीही उच्चारू नये. तो म्हणाला, "तुम्ही द्याल ते, साहेब."

साहेबांनी वरणात भाकरी कुस्करत हिशेब केला. "बारा. सोसायटीच्या मेंटेनन्ससकट. आपल्या माणसात घासाघीस नको."

संध्याकाळी रश्मीनं सगळं ऐकून घेतलं. "डिपॉझिट?"

"बघू म्हणाले."

"अॅग्रीमेंट?"

"साहेबांकडं अॅग्रीमेंट मागू? उद्या ते माझ्याकडं पगाराची पावती मागतील!"

"अॅग्रीमेंट झाल्याशिवाय किल्ली माझ्या पर्समधून निघणार नाही," रश्मी म्हणाली, आणि खरंच किल्ली पर्समध्ये टाकून पर्स घेऊन झोपली.

शेवटी धम्मरत्न कागद घेऊन केबिनमध्ये गेला. साहेब रागावले नाहीत. उलट खुलले. त्यांनी लाल पेन काढलं आणि अकरा महिन्यांचा तो करार नव्या ड्रॉइंगसारखा तपासला. बावीस चुका निघाल्या. "'घर सुस्थितीत ठेवावे.' सुस्थिती म्हंजे काय? मोजणार कसं? भिंतीवर रेघोट्या किती चालतील, लिवा. आणि हे घरमालक म्हंजे कोण?"

"मी, साहेब."

"असं होय," साहेब म्हणाले आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं.

नोव्हेंबरच्या एक तारखेला मोरबाळे कुटुंब ४०३ मध्ये राहायला आलं. दोन तारखेला धम्मरत्नच्या टेबलावर लाल कार्ड येऊन पडलं.

कंपनीत एखादा पाइप मापात बसला नाही, की त्याला लाल कार्ड बांधतात. दोष काय, जबाबदार कोण, कधीपर्यंत सुधारणार, सगळं त्यावर लिहायचं. हे कार्डही तसंच भरलेलं होतं. 'वस्तू: किचनचा नळ. दोष: मिनिटाला चौदा थेंब. चालण्याजोगी मर्यादा: शून्य. जबाबदार: ओव्हाळ. मुदत: तीन दिवस.'

धम्मरत्ननं प्लंबर पाठवला. प्लंबरनं सहाशे रुपये घेतले आणि थेंब चौदावरून नऊवर आणले. दुसरं लाल कार्ड आलं. मग बाथरूमच्या जाळीचं आलं, मग दाराच्या बिजागरीचं. बेडरूमच्या फरशीत एका कोपऱ्यात तीन मिलिमीटरचा उतार असल्याचंही आलं. (गोटी ठेवून तपासलं होतं. गोटी घरंगळायला लागणारे सेकंद कार्डावर लिहिले होते.) दर वेळी सहाशे कुठून आणायचे? धम्मरत्ननं चिंचवडच्या बाजारातून एक पान्हा, एक पक्कड आणि टेफलॉन टेपची बारा रिळं आणली आणि मोबाइलवर व्हिडिओ बघत स्वतःच पालथा पडला. पहिल्याच दिवशी त्यानं चुकीचा कॉक फिरवला. खालच्या तीन मजल्यांचं पाणी गेलं आणि वरच्या दोन मजल्यांचं त्याच्या अंगावर आलं.

तसा तो हळूहळू तयार होत गेला. सहाला शिफ्ट सुटली की गाडी निगडीकडं वळण्याऐवजी मोशीला वळायची. योगिनी वहिनी स्वभावानं फार चांगल्या. त्या प्रेमानं चहा द्यायच्या आणि प्रेमानंच सांगायच्या, "भावजी, आलाच आहात तर तेवढं सिंकखालचं बघा की." साहेब सोफ्यावर पेपर वाचायचे. मालक सिंकखाली असायचा. त्याचे फक्त पाय बाहेर दिसायचे.

"घरात भाडेकरू ठेवलाय, का तूच घरगडी लागलायस?" रश्मीनं एकदा त्याच्या शर्टाचा वास घेत विचारलं.

"संबंध गोड ठेवायचे असतात," तो म्हणाला.

कहर झाला तो डिसेंबरातल्या मीटिंगमध्ये. रोज सकाळी नऊला साऱ्या खात्यांची मीटिंग व्हायची. आदल्या दिवशीचा बिघाड, त्याचं मूळ कारण, पुढचा उपाय. मूळ कारण शोधायची साहेबांची पद्धत अशी, की पाच वेळा 'का?' विचारायचं. चार वेळा विचारलं की माणूस खोटं बोलतो, पाचव्यांदा खरं बाहेर पडतं, असा त्यांचा अनुभव. त्या दिवशी पाइपांचे विषय लवकर संपले आणि साहेबांना एकदम घरचं आठवलं.

"ओव्हाळ, किचनचा नळ परत गळतोय. का?"

तीस माणसं धम्मरत्नकडं वळली.

"वॉशर गेलाय, साहेब."

"का गेला?"

"हलका होता."

"हलका का बसवला?"

"बिल्डरनं बसवलाय, साहेब."

"असल्या बिल्डरकडं घर का घेतलं?"

"ते... निगडीत एका शिबिराला गेलो होतो साहेब, तिथं स्टॉल होता."

"शिबिराला का गेलात?"

धम्मरत्ननं छताकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं. पाचवा 'का' होता. खोटं सुचेना.

"नाश्ता फुकट होता, साहेब."

साहेबांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'मूळ कारण: फुकट नाश्ता.' तो फळा पुसायला तीन दिवस कुणालाच वेळ झाला नाही. शेजारच्या लाइनवरचा सिद्धेश तर जेवणाच्या सुट्टीत रोज ताट पुढं करायचा. "भावा, हे घे फुकट. पुढच्या महिन्यात थ्री बीएचके."

हे सगळं धम्मरत्ननं हसत सोसलं असतं. पण भाडं येत नव्हतं.

नोव्हेंबरचं आलं नाही, डिसेंबरचं आलं नाही, जानेवारी लागला. धम्मरत्न तीन वेळा केबिनमध्ये 'साहेब, ते जरा...' म्हणत गेला. पहिल्या वेळी ऑडिटची फाइल घेऊन बाहेर आला, दुसऱ्या वेळी रविवारची ओव्हरटाइम ड्यूटी घेऊन, आणि तिसऱ्या वेळी साहेबांच्या मोटारीची किल्ली घेऊन, सर्व्हिसिंगला टाकायला. हप्ता मात्र पाच तारखेला न चुकता जायचा. जानेवारीच्या हप्त्याला पैसे कमी पडले तेव्हा रश्मीनं उरलेला गोफ काढून टेबलावर ठेवला. धम्मरत्ननं गोफाकडं बघितलं. ज्ञानेश सरांच्या पत्रकात याच्यावर काही उपाय आहे का, ते त्यानं खरोखर उलटून पाहिलं. पुढच्या बाजूला शिबिराच्या दुसऱ्या सत्राची फी छापली होती.

हे भीमराज पलंगावरून बघत होते. दुसऱ्या दिवशी रविवार होता. त्यांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं.

"कुठं निघालात?" धम्मरत्ननं विचारलं.

"मोशीला. भाडं आणायला."

"बाबा, नको! माझी नोकरी आहे तिथं! ते साहेब आहेत!"

"मी सात साहेब रिटायर केलेत," भीमराज म्हणाले आणि बस पकडायला गेले.

त्या दुपारी धम्मरत्न जेवला नाही. डोळ्यांसमोर एकच चित्र: बाबा ४०३ च्या दारात मूठ वर करून घोषणा देताहेत, अख्खी सोसायटी जमलीय आणि मोरबाळे साहेब त्याच्या राजीनाम्याचा मजकूर लाल पेनानं दुरुस्त करताहेत.

चारच्या सुमाराला भीमराज परत आले. हातात भडंगाची मोठी पुडी, चेहरा शांत. त्यांनी खिशातून एक चेक काढून रश्मीच्या हातात दिला. छत्तीस हजार रुपये.

"काय बोललात?" धम्मरत्ननं चेककडं बघत विचारलं.

"म्हणालो, भाडं द्या."

"असं तोंडावर?"

"मग काय पाठीमागं जाऊन बोलू? दिलं त्यांनी. लगेच दिलं. जेवायलाही बसवलं. तांबडा रस्सा झकास करतात त्यांच्याकडं."

"मग इतके दिवस का नाही दिलं?"

भीमराजांनी सावकाश भडंगाची पुडी सोडली. "ते म्हणाले, 'तुमच्या चिरंजीवांना मी तीनदा विचारलं, पैसे कुठं पाठवू, खात्याचा नंबर द्या. दर वेळी ते म्हणतात, राहू द्या साहेब, काय घाई आहे.' म्हणालास का तू असं?"

धम्मरत्न भिंतीकडं बघू लागला. म्हणाला होता. तीनदा म्हणाला होता, आणि तिन्ही वेळा जरा वाकून.

"पुढचं ऐक. ते म्हणाले, 'आम्हाला वाटलं, घरचं भरपूर दिसतंय. म्हणून ह्या वेळी उत्तम कामगाराच्या बक्षिसाचे दहा हजार ओव्हाळांना न देता त्या सिद्धेशला दिले. म्हटलं, गरजवंताला जाऊ देत.'"

रश्मी आत गेली. आतून जो आवाज आला, तो हसण्याचा आहे का रडण्याचा, हे बघायला जायचं धैर्य धम्मरत्नला झालं नाही. (हसण्याचा होता. पण तिनं त्याला ते दोन दिवसांनी सांगितलं.)

त्यानंतर भाडं दर एक तारखेला येऊ लागलं, ठरल्याप्रमाणे आणि मिनिटाच्या हिशेबानं. हप्त्यातला उरलेला भाग रश्मीनं घरखर्चाला कात्री लावून आणि धम्मरत्नचे रविवार ओव्हरटाइमला लावून जुळवला. गोफ परत कपाटात गेला. लाल कार्डंही येत राहिली. तीही मिनिटाच्या हिशेबानं.

एप्रिल उजाडला. पगारवाढीच्या बोलावण्यासाठी धम्मरत्ननं नवा शर्ट शिवून घेतला होता. केबिनमध्ये मोरबाळे साहेबांनी त्याला स्वतःहून खुर्ची दिली.

"ओव्हाळ, सहा महिने तुमचं काम जवळनं बघतोय."

"हो साहेब."

"क्वालिटीत तुम्ही बरे हाय. बरे म्हंजे, चालताय. पण परवा तुम्ही आमचा गीझर अठरा मिनिटांत खोलून बसवलात. तवाच ठरवलं, ह्या माणसाचा जीव हितं पाइप मोजण्यात वाया चाललाय." त्यांनी पाकीट पुढं केलं. "प्रमोशन! प्लँटच्या मेंटेनन्सला सुपरवायझर. साऱ्या कंपनीचे नळ, पंप, संडास, कूलर, सगळं तुमच्या हाताखाली. चार हजार वाढ."

पंधरा वर्षं क्वालिटीत काढलेल्या माणसाला यावर काय वाटावं, हे ठरवायलाही धम्मरत्नला वेळ मिळाला नाही, कारण साहेब पुढं बोलतच होते. "एकच हाय. मेंटेनन्सला बिघाडाचा फोन आला की वीस मिनिटांत गेटवर पाहिजे माणूस. निगडीसनं तुम्हाला दीड तास लागतो. सोमवार ते शनिवार ह्या बाजूलाच कुठंतरी खोली बघा."

"इकडं म्हणजे, मोशीत माझा..." धम्मरत्न बोलायला गेला आणि थांबला. करार संपायला अजून पाच महिने होते. आणि समोर बसलेल्या माणसाला 'माझं घर रिकामं करा' म्हणण्यापेक्षा चाकणच्या चौकात तंबू ठोकणं सोपं होतं.

"तुमचा काय?"

"माझा... होकार आहे, साहेब."

भीमराजांनी बातमी ऐकली आणि मुद्दाम पेपर तोंडासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता. रश्मी म्हणाली, "चार हजार तर चार हजार. पण दहा हजारांच्या वर खोली घ्यायची नाही."

चार दिवस धम्मरत्न मोशीभर हिंडला. एकट्या पुरुषाला कुणी दारात उभं करेना. सरतेशेवटी एक स्वस्तातली खोली सापडली, ती नेमकी लेक पॅराडाइजमध्ये, तळमजल्यावर. मालकीण कुसुमताई होत्या. पांढरे केस, नाकावर घसरलेला चष्मा. दारातच त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फॅमिली?"

"निगडीला. मी एकटाच राहणार."

"म्हणजे बॅचलर."

"लग्नाला अकरा वर्षं झालीत, ताई."

"बायको इथं नाही म्हणजे बॅचलरच. बॅचलरला दहा हजार. दोन महिन्यांचं डिपॉझिट, रोख. भाडं पाच तारखेच्या आत. पाहुणे नकोत, मटण नको, मोठ्यानं बोलणं नको."

धम्मरत्नचा संयम सुटला. दहा महिन्यांत पहिल्यांदा त्यानं छाती पुढं काढली. "ताई, जरा नीट बोला. मी काही रस्त्यावरचा माणूस नाही. याच बिल्डिंगमध्ये माझा स्वतःचा फ्लॅट आहे. ४०३ चा मालक आहे मी!"

कुसुमताईंनी चष्मा वर सरकवला आणि त्याच्याकडं निरखून बघितलं. मग त्यांचा चेहरा उजळला.

"अगं बाई! ४०३ म्हणजे कोल्हापूरच्या साहेबांचं घर. आणि तुम्ही त्यांचे प्लंबर! म्हटलं, कुठंतरी बघितलंय. आधी नाही का सांगायचं? बिल्डिंगला हक्काचा प्लंबर मिळत नाही हो. असं करा, तीन मजल्यांचे नळ बघत असाल, तर खोली साडेआठला देते. डिपॉझिटही नको." त्या किल्ली काढता काढता थांबल्या. "का खरंच मालक आहात? मालक असाल तर दहाच पडतील."

धम्मरत्ननं चौथ्या मजल्याकडं एकदा नजर टाकली, पाच तारीख आठवली, आणि हात पुढं केला.

"प्लंबरच आहे, ताई," तो म्हणाला.